क्षमता-बांधणी आणि एसटीचे तिकीट

गुरुकुंजात बोलायचे म्हणजे आम्हाला आजही जरा दडपण येते. तुकडोजी महाराजांनी 1935 साली इथे आश्रम उभा केला, पुढे ग्रामगीतेत महिलोन्नतीला स्वतंत्र अध्याय दिला. आणि त्याच जागी बसून आम्ही अनुदानाच्या अर्जांची चिकित्सा करणार, हे काहींना विजोड वाटेल. पण मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारले होते, की लिंगभाव-न्यायासाठी काम करणाऱ्या तरुण मुलामुलींच्या गटांना हल्ली 'क्षमता-बांधणी'साठी पैसा मिळतो, त्यात वाईट काय? वाईट काहीच नाही. पण त्या पैशाने कोणती क्षमता बांधली जाते, ते पाहायला हवे.

आधी शब्द पाहू, आमची ती जुनी खोड आहे. क्षमता हा शब्द 'क्षम्' धातूचा. त्याच धातूपासून क्षमा आली. 'क्षम्'चा अर्थ सहन करणे. समर्थ असणे हा अर्थही त्यालाच लागून येतो. आता बघा, आपल्या घरांतून बाईचे कौतुक कशासाठी झाले? पहिल्या अर्थाच्या क्षमतेसाठी. सोसते म्हणून. त्या क्षमतेची बांधणी कुणी अर्ज न मागवता पिढ्यानपिढ्या केली. या तरुण गटांना जी हवी आहे ती दुसरी, म्हणजे 'नाही' म्हणता येण्याची. अमर्त्य सेन ज्याला क्षमता म्हणतात तिचा रोखही इकडेच आहे. माणसाजवळ काय आहे यापेक्षा त्याला प्रत्यक्षात काय करता येते, काय होता येते, हे ते विचारतात. अनुदानाच्या कागदावर मात्र एक तिसरीच क्षमता असते. ती म्हणजे अहवाल लिहिण्याची.

एका दानसंस्थेच्या निवड समितीवर आम्ही तीन वर्षे होतो. तिचे नाव घेत नाही. दोष असलाच तर आमचाही आहे. तिवसा तालुक्यातल्या एका गटाचा अर्ज आला होता. चार मुली, दोन मुले, सगळी पंचविशीच्या आतली. बालविवाहाची कुणकुण लागली की घरी जाऊन बोलणे, मारहाण झालेल्या बाईसोबत संरक्षण अधिकाऱ्याकडे जाणे, कॉलेजच्या गाडीत मुलींना त्रास देणाऱ्यांची नावानिशी तक्रार करणे, अशी त्यांची कामे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने संरक्षण अधिकारी दिला खरा, पण तो काही गावात येऊन बसत नाही. त्यांनी मागितले काय, तर एका खोलीचे भाडे, दोघींना महिन्याचे थोडे मानधन आणि प्रवासखर्च. आम्ही सुचवले की त्याऐवजी नेतृत्वविकासाची पाच दिवसांची निवासी कार्यशाळा घ्या, ते आमच्या चौकटीत बसते. त्यातली थोरली पोरगी सरळ म्हणाली, "सर, टरेनिंग आमची चार खेपा झाली. आता एसटीच्या तिकिटाचे पैसे कोन देते ते सांगा."

समितीत हशा पिकला. आम्हीही हसलो. अर्ज नामंजूर झाला, आणि त्या कागदावर आमची सही आहे.

आता कुणी म्हणेल, समिती बदला म्हणजे झाले. तेवढ्याने होत नाही, कारण चौकट कायद्यातही आहे. परदेशी देणगीच्या कायद्यात 2020 साली दुरुस्ती झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आली, आणि एका संस्थेने आपल्याला मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देण्यावर पूर्ण बंदी आली. नोंदणी हवी तर संस्था तीन वर्षे जुनी हवी आणि त्या काळात तिने किमान 15 लाख रुपये खर्च केलेले हवेत. पूर्वी मोठी संस्था आपल्या देणगीतला छोटा वाटा गावातल्या गटाला देऊ शकत होती, तो दरवाजा बंद झाला. शिवाय खोलीभाडे, वीजबिल, हिशेबनीस हे सगळे प्रशासकीय खर्चात मोडते. संशोधन किंवा प्रशिक्षण हेच मुख्य काम असलेल्या संस्थेतल्या प्रशिक्षकाचे मानधन मात्र त्यातून वगळता येते. म्हणजे शिकवणाऱ्याला वाव, आणि शिकून काम करणारीच्या खोलीला कात्री. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या पैशाचीही तीच तऱ्हा. तिथे कंपनीच्या प्रशासकीय खर्चाला पाच टक्क्यांचा बांध, आणि बाहेरच्या संस्थेकडून तीन वर्षांच्या कामाचा पुरावा. पैशाचा गैरवापर होतो, म्हणून बंधने हवीत, हे आम्हाला मान्य आहे. पण तरुणांचा गट म्हणजे स्वभावतःच नवा गट. त्याच्याकडे तीन वर्षे मागणे म्हणजे आधी म्हातारे होऊन या म्हणणे.

1848 साली पुण्यात मुलींची शाळा निघाली तेव्हा जोतीराव 21 वर्षांचे होते, सावित्रीबाई 17 च्या. त्यांच्याकडे कुठला आला लेखापरीक्षण झालेला ताळेबंद? पुढे या शाळांना दक्षिणा निधीतून सरकारी मदत मिळाली. दक्षिणा म्हणजे पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना वाटली जाई ती. कंपनी सरकारने ती चालू ठेवली आणि हळूहळू तिचा काही भाग शिक्षणाकडे, ग्रंथांकडे वळवला. त्याच निधीतला पैसा मुलींच्या शाळेपर्यंत पोचला! निधीचा हेतू बदलता येतो, हे त्या काळच्या कारभाऱ्यांना कळत होते. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे प्रशिक्षणही घेतले होते, तेव्हा प्रशिक्षणाशी आमचे वैर नाही. पण तिथे प्रशिक्षणानंतर वर्ग होता, फळा होता, समोर मुली होत्या.

आमच्या वयाचे लोक इथे मान हलवून म्हणतात, अनुदान हवेच कशाला, चळवळ लोकवर्गणीवर चालावी. 1986 चे चांदवडचे शेतकरी महिलांचे अधिवेशन सांगतात, त्यानंतरची लक्ष्मीमुक्ती सांगतात. नवऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावे जमीन केली, ती काय अनुदान घेऊन? बरोबर आहे, आणि ते काम मोठेच होते. तरी आम्हाला एक आठवते. सत्तरच्या दशकात आम्ही अमरावतीत अभ्यासवर्ग घेत असू. विषय एकाहून एक भारी: स्वातंत्र्याची संकल्पना, शोषणाचे स्वरूप. दुपारी पिठलं-भाकरीची पंगत बसे. भाकरी कोण थापत होते? आमच्या आया, वहिन्या, बहिणी. त्यांतली एकही वर्गात बसल्याचे आम्हाला स्मरत नाही. आम्ही अनुदान घेतले नाही, असे आजवर छाती काढून सांगत आलो. घेतले होते. ते स्वयंपाकघरातून येत होते, आणि त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र आमच्याकडे कुणी मागितले नाही.

म्हणून त्या पोरींनी मानधन मागितले याचा ज्यांना राग येतो, त्यांना आम्ही विचारतो: तिने फुकट काम करावे, तर तिच्या वाट्याचा निंदणाचा रोज कुणी द्यायचा? घरचे एक दिवस सोडतील, दोन दिवस सोडतील. कापूस फुटला की तिला वावरातच जावे लागते. मग त्या दिवसांत तालुक्याला बाईसोबत जायचे कुणी? वेळ विकत घेण्याची ऐपत नसलेल्या मुलीला त्याग शिकवणे फार सोपे आहे.

आणि गंमत अशी, की 17 मार्च 2023 पासून राज्यात एसटीचे तिकीट महिलांना अर्धे झाले. लिंगभाव, नेतृत्व असले शब्द त्यात कुठे नव्हते. पण त्या गटाचा फेरा अर्ध्या पैशात होऊ लागला. आम्ही समितीत बसून जे दिले नाही, त्यातले अर्धे कंडक्टरने दिले.

त्या गटाचा यंदा पुन्हा अर्ज आला आहे, असे कानावर आले. आम्ही आता समितीवर नाही. थोरलीचे लग्न झाले, ती अकोल्याकडे असते. अर्ज धाकटीने लिहिला आहे. रकमेच्या रकान्यात पुन्हा खोलीभाडे आहे, मानधन आहे, प्रवासखर्चाचा आकडा तेवढा निम्मा केला आहे. समितीतल्या एका जुन्या मित्राला आम्ही पत्र टाकले, की या वेळी कार्यशाळा सुचवू नका. उत्तर अजून यायचे आहे.

प्रार्थनेची वेळ झाली. प्रश्न असतील ते प्रार्थनेनंतर घेऊ.