‘ताओ ते चिंग’चें एक आधुनिक भाषांतर : पाठ, क्रम व अर्थ

‘ताओ ते चिंग’ हा चिनी ग्रंथ लाओत्से याच्या नांवावर परंपरेनें चालत आलेला आहे. त्याचा विस्तार अवघा सुमारें ५,००० अक्षरांचा. परंतु युरोपीय भाषांत त्याचीं जितकीं भाषांतरें झालीं, तितकीं भाग्यें फारच थोड्या पौरस्त्य ग्रंथांच्या वांट्यास आलीं आहेत. त्यांपैकीं व्हिक्टर मेअर या अमेरिकन पंडितांचें इ. स. १९९० मध्यें प्रसिद्ध झालेलें इंग्रजी भाषांतर आम्ही येथें परीक्षणास घेत आहों. याचीं कारणें दोन. एक, हें भाषांतर छापील परंपरागत पाठावरून केलेलें नसून भूगर्भांत सांपडलेल्या रेशमी हस्तलिखितांवरून केलेलें आहे; दुसरें, ग्रंथाच्या उत्तरकथनांत भाषांतरकारांनीं या चिनी ग्रंथाचा संबंध आपल्या भगवद्गीतेशीं व योगाशीं जोडला आहे. चिनी भाषेच्या बारकाव्यांचा निवाडा त्या भाषेचे पंडित करतीलच. परंतु पाठनिश्चय, पदच्छेद आणि संस्कृताशीं जोडलेला संबंध या तीन बाबींवर बोलण्याचा अधिकार पोथ्यांत आयुष्य घालविणाऱ्या आमच्या वाचकांस खचित आहे.

प्रथम साधनांचा विचार करूं. हूनान प्रांतांतील चांगशा शहराजवळ मावांगद्वेई येथें १९७३ च्या डिसेंबरांत तिसऱ्या क्रमांकाचें थडगें उकरलें गेलें. त्यांतील एका रोगणी पेटींत रेशमावर लिहिलेले अनेक ग्रंथ निघाले व त्यांत ‘ताओ ते चिंग’च्या दोन प्रती होत्या. थडगें इ. स. पू. १६८ मध्यें बंद झालें, हें तेथेंच सांपडलेल्या कालनिर्देशयुक्त लांकडी पट्टीवरून ठरतें. म्हणजे या प्रती त्या वर्षाच्या अलीकडच्या असूं शकत नाहींत. तोंपर्यंत अभ्यासकांचा मुख्य आधार होता तो इ. स. २२६ ते २४९ या काळांत होऊन गेलेल्या वांग बी या तरुण टीकाकाराच्या नांवानें चालत आलेला पाठ. आणि तोही कित्येक शतकांच्या नकलांतून व छपाईंतून गाळून आलेला. एका फावड्यासरशी पाठाचा पुरावा चार शतकें मागें गेला.

या दोन प्रतींचे काळ परस्परांपासून कसे वेगळे काढले, हें आमच्या वाचकांस विशेष रुचेल. चीनमध्यें राज्यकर्त्या बादशहाच्या नांवांतील अक्षर लिहिणें निषिद्ध असे. त्या जागीं समानार्थी दुसरें अक्षर घालीत. हान घराण्याच्या संस्थापकाचें नांव ल्यू बांग. ‘बांग’ म्हणजे राज्य. पहिल्या प्रतींत हें अक्षर बेधडक वापरलेलें आहे. दुसरींत त्याऐवजीं त्याच अर्थाचें ‘ग्वो’ आहे. इ. स. पू. १८० मध्यें गादीवर आलेल्या वेन् बादशहाचें नांव ‘हंग’, म्हणजे नित्य. हें अक्षर दोन्ही प्रतींत आहे. परंतु छापील पाठांत त्याच्या जागीं सर्वत्र ‘छांग’ बसलें आहे. यावरून दुसरी प्रत ल्यू बांग याच्या काळाच्या अलीकडची व वेन् बादशहाच्या पलीकडची, आणि पहिली तिच्याहूनही जुनी, असें निष्पन्न होतें. त्याखेरीज दुसऱ्या प्रतींत प्रत्येक भागाच्या शेवटीं अक्षरसंख्या दिलेली आहे : पहिल्याची ३,०४१ व दुसऱ्याची २,४२६. आपल्या लेखकूंनीं पोथीअखेर ग्रंथसंख्या मांडावी, तसाच हा प्रकार. लेखकाची मजुरी ठरविण्यास व गळलेला मजकूर पकडण्यास ही संख्या आपल्याकडे उपयोगी पडते, हें संग्राहकांस सांगणें नको.

आतां पदच्छेदाचें एक उदाहरण पाहूं. पहिल्याच प्रकरणांत एका वाक्याचा विराम कोठें घ्यावा, याविषयीं चीनमध्यें शतकानुशतकें वाद होता. सुंग काळांतील वांग आन्शि व सुमा ग्वांग यांच्यासारख्या प्रकांड पंडितांनीं ‘अभाव’ या पदापाशीं वाक्य तोडलें. त्यामुळें तेथें सत् व असत् यांचें एक तत्त्वज्ञानच उभें राहिलें. इतरांनीं विराम एक अक्षर पुढें, म्हणजे ‘इच्छा’ या पदानंतर घेतला. त्यायोगें तोच मजकूर निरिच्छ व सेच्छ मनुष्याच्या दृष्टीविषयींचा ठरला. रेशमी प्रतींत ‘इच्छा’ या पदानंतर विरामदर्शक अव्यय स्पष्ट लिहिलेलें आहे. निदान या प्रतींच्या लेखकांपुरता वाद मिटला. ज्या अव्ययास पादपूरण समजून नंतरच्या संपादकांनीं गाळलें, तेंच अर्थाची किल्ली होतें! आपल्याकडेही ‘च’, ‘वै’, ‘हि’ यांस निरर्थक मानणाऱ्यांनीं याची नोंद घ्यावी. मेअर यांनीं ज्या साधनाचा आश्रय केला, त्याचें मोल यावरून ध्यानांत येईल; आणि तें साधन सामान्य वाचकापर्यंत सोप्या इंग्रजींत पोंचविलें, हें त्यांचें श्रेय निर्विवाद आहे.

परंतु जुनी प्रत आणि मूळ प्रत या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि येथेंच आमचा पहिला आक्षेप आहे. रेशमी प्रतींत ‘ते’ हा भाग आधीं व ‘ताओ’ हा भाग मागाहून आहे; छापील पाठांत याच्या उलट. मेअर यांनीं रेशमी क्रम स्वीकारून सर्व भाषांतर त्याप्रमाणें लाविलें. रॉबर्ट हेन्रिक्स यांनीं १९८९ मध्यें हेंच केलें होतें, व ग्रंथाचें नांवही ‘ते ताओ चिंग’ असें फिरविलें होतें. वाचकाची मात्र अशी समजूत होते कीं, ग्रंथ प्रथम ज्या रूपांत रचला गेला तेंच हें रूप. इ. स. १९९३ मध्यें हूपेई प्रांतांतील चिंगमेनजवळ ग्वोद्येन येथें आणखी एक थडगें उघडलें. तेथील बांबूच्या पट्ट्या इ. स. पू. ३०० च्या सुमाराच्या मानतात व त्या १९९८ मध्यें प्रसिद्ध झाल्या. त्यांत या ग्रंथाचा सुमारें २,००० अक्षरांचा मजकूर तीन जुडग्यांत आहे. आणि तेथें ना ‘ते’ आधीं, ना ‘ताओ’ आधीं. प्रकरणांची मांडणीच निराळी. यावरून इतकेंच सिद्ध होतें कीं, हान काळाच्या आरंभीं ‘ते’ आधीं घेण्याची एक वहिवाट होती. त्यापूर्वीं ग्रंथ अद्याप घडत होता. १९९० मधील भाषांतरकारास १९९३ मधील शोध ठाऊक नसणें हा दोष नव्हे. पण एकाच विहिरीच्या पाण्यावरून साऱ्या भूमीची चव सांगणें हा दोष आहे. आज हें पुस्तक हातीं घेणाऱ्यानें ही पुस्ती जोडूनच तें वाचावें.

ग्वोद्येनच्या पट्ट्यांनीं दुसरेंही एक काम केलें आहे. परंपरागत पाठाच्या एकोणिसाव्या प्रकरणांत कन्फ्यूशियसच्या अनुयायांस प्रिय अशा दया व न्याय या गुणांचा त्याग सांगितला आहे, व रेशमी प्रतींचाही पाठ तसाच आहे. त्यामुळें लाओत्से हा कन्फ्यूशियसपंथाचा उघड वैरी, असें सर्व भाषांतरांतून दिसतें. ग्वोद्येनच्या पाठांत या दोन गुणांचीं नांवेंच त्या जागीं नाहींत. तेथें त्याग सांगितला आहे तो कृत्रिमपणा इत्यादिकांचा. उलट, छापील पाठाच्या सदतिसाव्या प्रकरणाच्या आरंभीं ‘कांहीं न करितां सर्व होतें’ या अर्थाचें जें सुप्रसिद्ध वचन आहे, तें रेशमी प्रतींत त्या ठिकाणीं नाहीं, आणि अठ्ठेचाळिसाव्या प्रकरणांत जेथें तें असावयाचें तेथें रेशीम फाटलेलें आहे. यावरून कांहीं अभ्यासकांनीं तें वचनच प्रक्षिप्त ठरविलें. पुढें ग्वोद्येनच्या पट्ट्यांत अठ्ठेचाळिसाव्या प्रकरणाच्या मजकुरांत तें जसेंच्या तसें निघालें. तात्पर्य, एका ठिकाणीं जुन्यांत जुनी प्रत परंपरेच्या विरुद्ध साक्ष देते, तर दुसऱ्या ठिकाणीं तीच परंपरेस उचलून धरते. प्रतींचे काळ मोजून नव्हे, तर पाठागणिक पाठ तोलूनच निर्णय करावा लागतो. भांडारकर संस्थेंत महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध करितांना सुखठणकरांनीं जी शिस्त घालून दिली, ती हीच.

आतां शब्दार्थाकडे वळूं. ‘ते’ या पदास स्टानिस्लास झूल्यें यांनीं १८४२ च्या फ्रेंच भाषांतरांत सद्गुण म्हटलें, आर्थर वेली यांनीं १९३४ मध्यें शक्ति म्हटलें. मेअर यांनीं जो इंग्रजी शब्द योजला त्याचा अर्थ सचोटी अथवा अखंडपणा असा होतो. सद्गुण हा शब्द फार उपदेशपर व शक्ति हा फार भौतिक, ही त्यांची अडचण आम्हांस समजते. परंतु या ग्रंथांत ‘ते’ हें नवजात अर्भकाच्या ठायींही भरपूर असल्याचें सांगितलें आहे. अर्भकाची सचोटी ही कल्पना आमच्या गळीं उतरत नाहीं. संस्कृतांत औषधीच्या गुणास ‘प्रभाव’ म्हणतात. ज्या अंगभूत सामर्थ्यानें वस्तु आपलें कार्य करिते, तें. ‘ते’ याच्या जवळ जाणारा हा शब्द आहे असें आम्हांस वाटतें.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा गीतेचा. मेअर यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, चिनी ‘वू-वेई’ म्हणजे अक्रिया व गीतेंतील कर्मांतील अकर्म यांत, तसेंच प्राणनिरोधाच्या उल्लेखांत व योगांत इतकें साम्य आहे कीं, तें केवळ योगायोगाचें मानतां येत नाहीं. हें वाचून आमच्यापैकीं पुष्कळांस आनंद होईल. आम्हांसही तो मोह झाला नाहीं असें नाहीं. परंतु आपल्या देशाचें मोठेपण वाढविणारा पुरावा इतर पुराव्यापेक्षां अधिक कडक कसोटीस लावावा, हा संशोधकाचा धर्म आहे. पहिली कसोटी काळाची. ग्वोद्येनचा मजकूर इ. स. पू. ३०० च्या सुमाराचा; गीतेचें आजचें स्वरूप बहुतेक अभ्यासक त्या काळाच्या अलीकडे ठेवितात. मग कोणी कोणाचें घेतलें? दुसरी कसोटी प्रयोजनाची. गीतेंतील अकर्म हें फलत्यागाचें तत्त्व आहे, आणि तें युद्धास प्रवृत्त करण्यासाठीं सांगितलें आहे. ‘ताओ ते चिंग’ मधील अक्रिया ही बहुतांशीं राजास दिलेली सूचना आहे : प्रजेच्या व्यवहारांत ढवळाढवळ करूं नको. एकांत कर्म करावयाचें आहे, दुसऱ्यांत राज्यकर्त्यानें हात आंखडावयाचा आहे. तिसरी कसोटी शब्दांची, व ती निर्णायक. पुढें बौद्ध धर्म चीनमध्यें गेला तेव्हां बुद्ध, बोधि, निर्वाण हे शब्द चिनी अक्षरांत उच्चारासुद्धां उतरले. उसनवारीची ती पावती होय. ‘ताओ ते चिंग’ मध्यें अशी पावती नाहीं. त्यांत कोणत्याही व्यक्तीचें विशेषनामदेखील नाहीं. सारखेपणा हा प्रश्न विचारण्यास पुरेसा असतो, उत्तर देण्यास नसतो.

आश्चर्य हें कीं, या ग्रंथाचा संस्कृताशीं जो खराखुरा संबंध इतिहासांत नमूद आहे, तो या काल्पनिक संबंधाहून अधिक उद्बोधक आहे. कामरूपाचा राजा भास्करवर्मा यानें चिनी वकिलाजवळ लाओत्सेच्या ग्रंथाच्या भाषांतराची इच्छा प्रकट केली, त्यावरून इ. स. ६४७ मध्यें तांग बादशहा तैत्सुंग यानें तो ग्रंथ संस्कृतांत उतरविण्याची आज्ञा केली, आणि हें काम भारतांतून नुकत्याच परतलेल्या ह्युएनत्संगाकडे आलें. ताओपंथी आचार्य मदतीस बसविले होते. ताओश्वान या समकालीन ग्रंथकारानें त्यांचा वाद लिहून ठेविला आहे, व पॉल पेलिओ या फ्रेंच पंडितांनीं १९१२ मध्यें तो युरोपियन अभ्यासकांपुढें मांडला. ताओपंथीयांचा आग्रह, ‘ताओ’ यास ‘बोधि’ म्हणावें. जुन्या चिनी बौद्ध भाषांतरांत तशी वहिवाट होती. ह्युएनत्संगानें तें मानलें नाहीं. बोधि म्हणजे जागें होणें, ताओ म्हणजे वाट. तेव्हां शब्द ‘मार्ग’ हाच, असा त्याचा निकाल होता. त्या भाषांतराची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. आसाम, नेपाळ अगर तिबेट येथील भांडारांत काम करणाऱ्यांनीं तिची आठवण ठेवावी, एवढेंच आम्ही सुचवितों.

प्रतींविषयीं बोलतांना संग्राहकांस एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. पेकिंग विश्वविद्यालयास २००९ मध्यें हान काळच्या बांबूपट्ट्या मिळाल्या. त्यांत हा ग्रंथ जवळजवळ संपूर्ण असून तेथेंही ‘ते’ भागच आधीं आहे. परंतु या पट्ट्या उत्खननांतून आलेल्या नाहींत. त्या कोठल्या थडग्यांतून निघाल्या हें नोंदलेलें नाहीं. मावांगद्वेईच्या प्रतीस वर्ष सांगणारी लांकडी पट्टी शेजारीं होती. या प्रतीस तशी साक्षीदार उरली नाहीं. पोथी ज्या दप्तरांतून, ज्या घराण्याकडून, ज्या गांवाहून आली तें टिपून न ठेवितां ती कपाटांत लावणारा संग्राहक तिचा अर्धा पुरावा स्वतःच्या हातानें पुसून टाकितो.

एकंदरींत, हें भाषांतर साधनांच्या बाबतींत स्तुत्य, क्रमाच्या बाबतींत घाईचें व भारतीय संबंधाच्या बाबतींत असिद्ध आहे. तथापि तें संग्रहीं ठेवण्याजोगें आहे. कारण त्यानें विचारलेले प्रश्न निकाली काढतांना वाचकास पाठचिकित्सेचा चांगला अभ्यास घडतो. मराठींत या ग्रंथाचें भाषांतर करूं इच्छिणाऱ्यास आमची विनंति एवढीच कीं, त्यानें इंग्रजीवरून इंग्रजीचें मराठी करूं नये, व ‘ताओ’ दिसतांच तेथें ब्रह्म, ऋत अगर परमात्मा घालण्याची घाई करूं नये. तेराशेंहून अधिक वर्षांपूर्वीं, दोन्ही भाषा जाणणाऱ्या पुरुषानें, स्वतःच्या धर्माचा शब्द पुढें केला जात असतांही, तो नाकारून ‘मार्ग’ हा साधा शब्द निवडला. तो निकाल आजही फिरविण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.