जुने चित्रपट, दूरचित्रवाणी व विमानविद्या : आंतरजालावरील साधनांची चिकित्सा

प्रस्तावना

जुने चित्रपट, जुन्या दूरचित्रवाणी मालिका आणि विमानविद्येचा इतिहास हे विषय आपल्या अभ्यासक्रमांच्या कडेलाच राहिले. परंतु रसिकांनी ते निष्ठेने जपले. त्यांनी जमविलेली बरीच सामग्री आज आंतरजालावर आहे. हिंगोलीसारख्या जिल्ह्यातील विद्यार्थ्याला पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय दूर पडते. त्याच्या दृष्टीने आंतरजाल हेच ग्रंथालय व तेच संग्रहालय होय. म्हणून ही साधने किती आहेत यापेक्षा ती कोणत्या आधारावर उभी आहेत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

चित्रपट : प्रत कोणती?

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. मूळ चित्रपट चार रिळांचा होता; आज त्यातील पहिले व शेवटचे रीळच उपलब्ध मानले जाते. हा अंशही १९१३ चा नसून फाळके यांनीच १९१७ मध्ये केलेल्या पुनर्निर्मितीचा असावा, असे काही चित्रपट-इतिहासकारांचे मत आहे. आंतरजालावर मात्र तो ‘भारताचा पहिला चित्रपट’ एवढ्याच मथळ्याने पाहावयास मिळतो. मथळा लिहिणाऱ्याचा हेतू शुद्ध असतो. पण विद्यार्थी ज्या दृश्यावरून १९१३ च्या अभिनयशैलीविषयी निष्कर्ष काढतो, ते दृश्य कदाचित चार वर्षांनंतरचे असते.

याउलट, २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘इंडियनसिनेमा’ या भाष्ययुक्त संग्रहात चित्रपटाच्या विशिष्ट दृश्यावर टीप जोडता येते व ती वाचकाला तपासता येते. भारतीय कायद्यानुसार चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. त्यामुळे प्रभात फिल्म कंपनीच्या काळातील चित्रपट अभ्यासासाठी खुले झाले आहेत. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातील आगीत नायट्रेट फिल्मचा मोठा साठा नष्ट झाला, हे लक्षात घेता अशा प्रतींचे मोल अधिकच वाढते.

दूरचित्रवाणी : स्मृती आणि साधन

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळी ध्वनिचित्रफिती महाग असल्याने त्या पुसून पुन्हा वापरण्याची पद्धत जगभर होती. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे अनेक भागही असेच नाहीसे झाले. यांपैकी काही भागांचा ध्वनी प्रेक्षकांनी घरी मुद्रित केल्यामुळे वाचला. रसिकांचे कार्य येथे प्रत्यक्ष साधननिर्मितीचे ठरते. मराठीत ‘चिमणराव’सारख्या मालिकेविषयी आठवणी विपुल आढळतात. परंतु आठवण म्हणजे प्रसारणाची नोंद नव्हे. संकेतस्थळांवर या दोहोंतील सीमारेषा बहुधा पुसट असते.

विमानविद्या : समान मांडणी, असमान पुरावा

या प्रश्नाचे गांभीर्य विमानविद्येच्या इतिहासात सर्वाधिक जाणवते. जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी पस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूपर्यंत टपाल आणले. ही घटना कागदोपत्री सिद्ध आहे. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर विमान उडविल्याच्या कथेला मात्र समकालीन विश्वसनीय पुरावा उपलब्ध नाही. या कथेशी नेहमी जोडल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाची बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये छाननी केली. ग्रंथ विसाव्या शतकातील असून त्यातील विमाने उडण्यास अक्षम आहेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तरीही कित्येक संकेतस्थळांवर या दोन्ही घटना एकाच ठसठशीत अक्षरांत, एकाच निःशंक सुरात वाचावयास मिळतात. तळपदे यांच्या जिज्ञासेचा आदर करण्यासाठी असिद्ध गोष्ट सिद्ध मानण्याची आवश्यकता नाही. किंबहुना, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईतील एका मराठी माणसाला उड्डाणाचे स्वप्न का पडावे, हा खरा अभ्यासविषय त्या दाव्याखाली झाकला जातो.

समारोप

वरील विवेचनावरून या साधनांना तीन प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. मूळ साधन कोणते? समोर असलेली प्रत कोणत्या वर्षाची व किती पूर्ण आहे? माहिती कोणी व केव्हा नोंदविली? गीतांच्या छापील पुस्तिका, जाहिराती, तबकड्यांवरील क्रमांक यांची छायाचित्रे देणारा रसिक या कसोटीला उतरतो. केवळ उतारे पुढे पाठविणारा उतरत नाही. रसिकांच्या साधनांना सरसकट त्याज्य ठरविणे अन्यायाचे होईल, कारण औपचारिक संस्थांनी जे जपले नाही ते अनेकदा त्यांनीच जपले. परंतु ती जशीच्या तशी प्रकल्पात उतरवून घेणे हे अध्यापकाच्या कर्तव्यात बसत नाही. मोठ्या संग्रहालयांपासून दूर असलेल्या महाविद्यालयांत ही जबाबदारी अधिक आहे. तेथे विद्यार्थ्याने पाहिलेला पडदा आणि इतिहास यांच्यामध्ये अध्यापकाशिवाय दुसरे कोणीही उभे नसते.