पडद्यामागचा वेळ कुणाचा?

(पावणे, नवी मुंबई येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

आजचा विषय आहे हौशी कलासंस्था आणि तिचे कार्यकर्ते. या विषयावर बोलायला उभा राहणारा माणूस साधारण पहिल्या पाच मिनिटांत ‘निःस्वार्थ सेवा’ आणि ‘पडद्यामागचे हात’ असे शब्द वापरतो. मग टाळ्या होतात, शाल-श्रीफळ होतं, आणि ज्यांचा सत्कार झाला ते उठून खुर्च्या गोळा करायला लागतात. मला आज कौतुक करायचं नाहीये, समीक्षा करायची आहे. माझा मुद्दा एका वाक्यात सांगतो: हौशी संस्थेचं खरं भांडवल म्हणजे कार्यकर्त्याचा वेळ. हा वेळ कुठून येतो हे विचारल्याशिवाय त्या संस्थेच्या कलेबद्दलही नीट बोलता येत नाही.

कलेबद्दलही, असं मी म्हटलं. ते जरा उलगडून सांगतो.

‘घाशीराम कोतवाल’ घ्या. तेंडुलकरांचं नाटक, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत. 16 डिसेंबर 1972ला पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने पहिला प्रयोग केला. या नाटकावर आपल्याकडे भरपूर लिहिलं गेलंय. त्यातली ती माणसांची भिंत तर प्रत्येक समीक्षकाला भुरळ घालते. रंगमंचावर एका ओळीत उभी असलेली, गाणारी, डोलणारी माणसं. कधी भिंत होतात, कधी गर्दी होतात, जे दिसू नये ते पाठ करून झाकतात. या भिंतीचं मूळ लोकनाट्यात शोधलं गेलं, तिचा राजकीय अर्थ लावला गेला. एक साधा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही: इतकी माणसं आली कुठून?

व्यावसायिक रंगभूमीवर नटाला प्रयोगाची ‘नाईट’ द्यावी लागते. भिंत म्हणून उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला नाईट द्यायची म्हटली तर निर्माता पहिल्या वाचनालाच हात जोडेल. आज व्यावसायिक नाटकं दोन-चार पात्रांवर का आली, याचं एक मोठं कारण हेच आहे. ‘घाशीराम’ची भिंत उभी राहिली कारण तिच्यात पोटापाण्याचा उद्योग दुसरीकडे करणारी माणसं होती. खुद्द जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. त्या नाटकाचा आकार हा बिनपगारी वेळेतून घडलेला आकार आहे. पुढे संस्थेत मतभेद झाले, प्रयोग थांबले, मंडळी बाहेर पडली आणि 1973ला थिएटर अकॅडमी काढली. 1980ला हेच नाटक युरोपात गेलं. इतकी माणसं, त्यांच्या रजा, त्यांच्या तालमी, हे सगळं जुळवून आणण्याचं काम कुणीतरी करतच होतं. त्या कामाशिवाय भिंत उभी राहत नाही. मग ते काम कलेच्या बाहेरचं कसं?

दुसरं उदाहरण दादरचं. रंगायन फुटल्यावर 1971ला अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे आणि अरुण काकडे यांनी ‘आविष्कार’ सुरू केली. 1974पासून छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग होऊ लागले आणि ‘छबिलदास चळवळ’ हा शब्द आपल्या इतिहासात आला. आता ही जागा त्यांच्यापर्यंत आली कशी? सुलभाताई त्याच शाळेत शिक्षिका होत्या. एखाद्या चळवळीचा पत्ता एखाद्या बाईच्या नोकरीतून निघतो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

शाळेचं सभागृह म्हणजे दिवसा ते मुलांचं. तिथे कायमचं नेपथ्य लावून ठेवता येत नाही. जे आणायचं ते हाताने आणायचं, लावायचं, रात्री काढायचं. त्यामुळे नाटक मोजक्या सामानात, प्रेक्षकाच्या अगदी जवळ, नटाच्या अंगावर उभं राहायला शिकलं. आपण त्याला ‘जवळिकीचं नाट्य’ म्हणतो, त्याचं सौंदर्यशास्त्र मांडतो. मांडावं. पण त्या सौंदर्यशास्त्रात रोज रात्री लेव्हल्स उचलणाऱ्याच्या पाठीचाही हिशेब आहे. अरुण काकडे यांनी हे संघटनेचं काम 2019ला जाईपर्यंत, म्हणजे जवळजवळ पाच दशकं केलं. 2014च्या पंढरपूरच्या नाट्यसंमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं तेव्हा अनेकांना बरं वाटलं. नाटक उभं करणारा माणूसही नाटकवालाच असतो, हे त्यामुळे मान्य झालं. मात्र काकड्यांसारख्या एकाला मान दिला की बाकीच्यांना विसरायची मुभा मिळते, तसं व्हायला नको.

आता आपण जिथे बसलो आहोत तिथे येऊ. पावणे. ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून असलेलं गाव, भोवती एमआयडीसीचे कारखाने, पलीकडे सिडकोचं शहर. आधी एमआयडीसीसाठी आणि मग 1970नंतर सिडकोसाठी या पट्ट्यातल्या जमिनी गेल्या. या आगरी-कोळी गावांत ‘स्वयंसेवक’ असा शब्द कुणी वापरत नव्हतं. गावदेवीची जत्रा असो, भजन असो, लग्नात धवला गाणाऱ्या बायका असोत, काम वाटलेलं असायचं. वर्गणी घराला, पाळी घराला. जो गातो तोच मांडव घालतो. कलाकार वेगळा आणि कार्यकर्ता वेगळा, ही विभागणी शहराने आणली.

त्याच पट्ट्यात कारखान्यांबरोबर कोकणातून, घाटावरून, मराठवाड्यातून माणसं आली. त्यांनी आपली मंडळं केली. नमन आलं, शक्ती-तुरा आला, स्पर्धेची एकांकिका आली. मुंबईत गिरणगावात हे आधी झालेलं होतं. परळचं दामोदर नाट्यगृह 1922चं, आणि कोकणी मंडळांच्या नमनाला ते आपलं घर वाटायचं. पुढे 1953ला कामगार कल्याण मंडळ स्थापन झालं, 1954ला राज्य नाट्यस्पर्धा सुरू झाली. या सगळ्यामागे एक गृहीत होतं. माणसाला कायमची नोकरी आहे, आठ तासांनी पाळी सुटते, आठवड्याची सुट्टी ठरलेली आहे. गिरणी, रेल्वे, बेस्ट, बँक, एलआयसी. मराठी हौशी रंगभूमीचे सगळ्यात मोठे आश्रयदाते कोण, असं विचाराल तर मी या हजेरीपटांकडे बोट दाखवीन. राजाश्रय गेला, नंतर हजेरीपटाचा आश्रय आला.

तो आश्रय आता सुटत चाललाय. कंत्राटी कामगाराला उद्याची पाळी आज रात्री कळते. बारा तास उभं राहून आलेला मुलगा साडेआठच्या तालमीला येत नाही, तेव्हा आपले ज्येष्ठ म्हणतात, ‘आजकालच्या मुलांना तळमळ राहिली नाही.’ अहो, तळमळ आहे, संध्याकाळ नाहीये! वेळेची टंचाई आहे आणि आपण निष्ठेची टंचाई म्हणून तिची नोंद करतो. ही आपल्या समीक्षेतली, आणि संस्थांच्या कारभारातलीही, मोठी गफलत आहे.

आणि संस्थेच्या आत काय चालतं? ‘आमची संस्था म्हणजे एक कुटुंब’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ पुन्हा वाचा. 1967ला रंगायनने केलेलं हे नाटक हौशी मंडळाबद्दलच आहे. खेड्यात प्रयोगाला आलेली मंडळी वेळ घालवायला खोटा खटला रचतात आणि बेणारेबाईंना सोलून काढतात. त्यातला बाळू रोकडे आठवा. काशीकर दांपत्याच्या उपकाराखाली वाढलेला, सांगकाम्या, उठता-बसता टोमणे खाणारा. त्याला बोलायची संधी मिळते तेव्हा तो आपल्यावर सत्ता गाजवणाऱ्यांविरुद्ध बोलत नाही, बेणारेविरुद्ध साक्ष देतो. आणि तो सामंत. त्या गावचा साधा माणूस, मदतीला आलेला. त्यालाही साक्षीदार करून टाकतात. उपकार आणि सेवा यांच्यात हिशेब नसला की काय होतं, ते तेंडुलकरांनी तिथे दाखवून ठेवलंय. कुटुंबात कष्ट कुणाचे आणि शब्द कुणाचा चालतो, हे आपल्या घरातल्या बायकांना विचारा. संस्थेतही चहा, कपडेपट, पाहुण्यांचं जेवण कुणाकडे जातं आणि कार्यकारिणीत कोण बसतं, ते मोजून पाहा.

मग करायचं काय? फार मोठं काही सांगत नाही. कार्यक्रमपत्रिकेत ‘आणि इतर सर्व कार्यकर्ते’ ही ओळ बंद करा, नावं आणि कामं लिहा. रात्री उशिरा परतणाऱ्याचं रिक्षाभाडं आणि जेवण हा खर्च म्हणून मांडा, उपकार म्हणून नको. तालीम पाळी बघून ठेवा. सामान उचलणं सगळ्यांना पाळीने येऊ द्या, प्रमुख भूमिका करणाऱ्यालासुद्धा. वर्षातून एकदा जमाखर्च वाचताना कुणी किती संध्याकाळी दिल्या तेही वाचा. आणि समीक्षा लिहिणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे, की प्रयोग बघायला जाल तेव्हा तासभर आधी जा आणि संपल्यावर तासभर थांबा. नाटक कसं घडलं याचा बराचसा पुरावा त्या दोन तासांत मिळतो.

जाता जाता एक. इथून जवळच, वाशीला, विष्णुदास भावे नाट्यगृह आहे. मराठी नाटक कुणी सुरू केलं हे त्या पाटीमुळे लोकांच्या लक्षात राहतं. ते चालू कुणी ठेवलं, याची पाटी कुठेच लागणार नाही. निदान हजेरी तरी लागू दे.