तटस्थाचे व्याकरण

‘वॉर इन द पॅसिफिक : अ‍ॅडमिरल्स एडिशन’ (२००९) या संगणकीय युद्धखेळात तेलाची मांडणी मोठ्या कसोशीने केलेली आहे. पालेंबांगचे तेल, शुद्धीकरण, टँकर ही साखळी तुटली की जपानी आरमार बंदरातच खिळून राहते. १९४१ च्या अमेरिकन तेलबंदीचा अर्थ खेळणाऱ्यास अनुभवानेच कळतो.

परंतु या खेळाच्या व्याकरणात पुरुष दोनच : ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’. ‘ते’ नाहीत. सोव्हिएत संघ पटावर आहे खरा, पण युद्धात ओढला जाईपर्यंत निश्चल. वस्तुतः १३ एप्रिल १९४१ च्या तटस्थता-कराराच्या आधारे सोव्हिएत जहाजे अमेरिकेचे धान्य, यंत्रे, इंधनसुद्धा जपानच्या डोळ्यांदेखत व्लादिवोस्तोककडे नेत होती. ‘लेंड-लीज’खाली रशियास गेलेल्या मालापैकी सुमारे निम्मा याच वाटेने गेला. त्यांतील कित्येक जहाजे मूळची अमेरिकनच. बदलला तो ध्वज. केवळ चिन्हाने अर्थ पालटल्याचे इतके रोकडे उदाहरण भाषाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातही विरळा. आणि चिन्ह नीट वाचले न गेल्यास? फेब्रुवारी १९४३ मध्ये ‘सॉफिश’ या अमेरिकन पाणबुडीने ‘कोला’ व ‘इल्मेन’ ही सोव्हिएत जहाजे बुडविली.

खेळात असा प्रमाद संभवतच नाही. पाणबुडीसमोर येईल ते जहाज शत्रूचेच. शत्रूचे तेल कसे रोखावे हे तो उत्तम शिकवितो. मित्र जर्मनीच्या शत्रूकडे चाललेले तेल आपल्याच दारावरून का जाऊ द्यावे, हा टोकियोपुढील पेच मात्र त्यास मांडताच येत नाही.