पासोडी आणि पाटी

दिवाळीत आमच्या बीडकडच्या अंगणांतून शेणाच्या गवळणी उभ्या राहतात. कुणाच्या डोक्यावर घागरी, कुणी जात्याशी बसलेली. आजीशेजारी बसून आठ वर्षांची नात त्या घडविते. तिला कुणी मापे देत नाही. आजीचा हात पाहून तिचा हात वळतो. सुटी संपते आणि तीच पोर शाळेत फळ्यावरचा आंबा वहीत उतरवू लागते. आंबा वाकडा झाला, की हिला चित्रकला येत नाही असे ठरून जाते. मीही लहानपणी असाच ठरलो होतो. पुढे आमच्या चित्रकलेच्या तासाला गणिताचे राहिलेले धडे होऊ लागले, आणि त्याचे कुणालाच वाईट वाटले नाही.

वाईट वाटले ते फार पुढे, आंबेजोगाईला दासोपंतांच्या पासोडीचा विचार करताना. दासोपंतांचा काळ १५५१ ते १६१५. ‘गीतार्णवा’सारखा अफाट ग्रंथ रचणारा हा पंडित शब्दांना कमी पडणारा नव्हता. तरीही पंचीकरण सांगताना त्यांनी सुमारे ४० फूट लांबीचे कापड घेतले आणि ओव्यांच्या जोडीला आकृत्या मांडल्या. पंचीकरणाचा हिशेब मोठा किचकट. प्रत्येक महाभूतात अर्धा भाग स्वतःचा आणि उरलेल्या अर्ध्यात इतर चौघांचा एकेक अष्टमांश! नुसते ऐकले तर डोके गरगरते. पाटीवर वर्तुळ काढून त्याचे भाग पाडले, तर पोरालाही कळते.

पासोडीचे कौतुक करताना आपण तिची लांबी सांगून थांबतो. मला तिचे मोल निराळे वाटते. तिथे चित्र हे विचाराचेच काम करते. आणि पासोडी म्हणजे तरी काय? अंगावर घ्यायचे साधे जाडेभरडे वस्त्र. सामान नाही म्हणून कला शिकविता येत नाही, असे म्हणणाऱ्यांना याहून निराळे उत्तर कशाला हवे?

आजची व्यवस्था मात्र कलेला शेवटच्या बाकावर बसविते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी कलेचा अंशकालीन शिक्षक सांगितला खरा. पण अट अशी, की मुले शंभराहून अधिक हवीत. नव्वद मुलांच्या गावाने काय करावे? एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांनी पुष्कळ खेड्यांत रंगपेटी पोहोचविली, हे उपकार मी विसरत नाही. पण दहावीला गुण वाढतात एवढ्याचसाठी ती पेटी उघडायची, आणि गुण मिळाले की माळ्यावर टाकायची, ही कसली रसिकता?

‘चित्र काढून पोट भरते का?’ असे आमचे एक स्नेही नेहमी विचारतात. अहो, आपण सगळ्यांना वाचायला शिकवितो, ते काय सगळे कवी व्हावेत म्हणून?

दिवाळी सरता सरता आमच्या जिल्ह्यातली हजारो कुटुंबे कोयते घेऊन ऊसतोडीला निघतात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. काही मुले आईबापांबरोबर जातात, काही आजीपाशी राहतात. जे पोर उन्हाळ्याच्या तोंडी परत येते, त्याचे धडे मागे पडलेले असतात. वर्गात ते मान खाली घालून बसते. पण उसाच्या मोळ्या गाडीत कशा रचतात, फडाजवळ कोपी कशी उभी करतात, हे त्या वर्गात त्याच्याइतके कुणाला ठाऊक आहे? ‘इतके महिने कुठे होतास, ते काढून दाखव,’ एवढेच गुरुजींनी म्हणावे. मागे पडलेले ते पोर त्या दिवशी वर्गाला काही शिकवील. ज्या शाळेत हा एक तास नाही, तिथे ते पोर मुकेच राहते, आणि एके दिवशी यायचेही थांबते.

म्हणून वाचकहो, यंदा अंगणातल्या गवळणींपाशी क्षणभर थांबा. ‘छान आहे हं’ म्हणून पुढे जाऊ नका. हिने घागर अशी का धरली, ते त्या पोरीला विचारा आणि तिचे उत्तर पुरते ऐकून घ्या. शाळेत तिला हे विचारणारे कुणी नसेल, तर निदान घरी तरी असावे.