भिंतीवरचा पोपट आणि बांधावरचा पोपट

शाळेच्या भिंतीवर टांगण्यासाठी पक्ष्यांचे जे रंगीत तक्ते बाजारात मिळतात, त्यांतील पोपटाचे चित्र शिक्षकमित्रांनी एकदा जवळ जाऊन पाहावे. बारामती व इंदापूर तालुक्यांतील काही शाळांत आम्ही ते पाहिले. 'पोपट' या नावाखाली लालभडक अंगाचा, निळ्या-पिवळ्या पंखांचा भला मोठा पक्षी! हा मकाव. त्याचे घर मेक्सिकोपासून अ‍ॅमेझॉनच्या जंगलापर्यंत. चित्र देखणे आहे, छपाईही सुबक आहे. पण खिडकीबाहेरून केकाटत जाणाऱ्या हिरव्या थव्याशी त्याचा संबंध मुलांनी कसा जोडायचा?

रंगांचीच हौस असेल तर आपला पोपटही कमी नाही. त्याच्या पिसांत हिरवे रंगद्रव्य नसते. पिसाच्या सूक्ष्म रचनेतून परावर्तित होणारा निळा प्रकाश आणि पिवळे रंगद्रव्य यांच्या मिलाफातून आपल्याला हिरवा दिसतो. हे पिवळे द्रव्य आणि मकावचे लाल द्रव्य एकाच घराण्यातले. इतर बहुतेक पक्षी पिवळे-लाल रंग अन्नातून मिळवतात. पोपट ते स्वतःच्या शरीरात तयार करतात. गळ्यातली काळी-गुलाबी कंठी फक्त नराला असते, आणि तीही सुमारे तीन वर्षांचा झाल्यावर. एवढे सांगितले तरी एक तास रंगेल.

दुसऱ्या एका तक्त्याबद्दल आमची तक्रार अधिक गंभीर आहे. 'बीजप्रसार' या शीर्षकाखाली फळ खाणारा पोपट दाखवला आहे. बुलबुल किंवा कोकीळ असता तर हरकत नव्हती. ते फळ गिळतात, बी विष्ठेतून शाबूत बाहेर पडते. पोपट मात्र बीच फोडतो. बाकदार चोच, हलणारा वरचा जबडा, जाड जीभ आणि घास हातासारखा धरणारा पाय (दोन बोटे पुढे, दोन मागे) ही सगळी हत्यारे बी फोडण्याच्या कामाची. नेता नेता एखादे फळ दूर पडून रुजेलही; पण तो अपवाद. इंदापूरच्या डाळिंब बागायतदाराला हे शिकवावे लागत नाही. ज्वारीच्या माळ्यावर गोफण घेऊन बसलेल्या मुलालाही नाही. तक्ता काढणाऱ्याने त्यांना विचारायला हवे होते.

मिरचीचे चित्र मात्र बरोबर आहे, कदाचित नकळत. मिरचीतील तिखट द्रव्याची आग आपल्याला जशी जाणवते तशी पक्ष्यांना जाणवत नाही.

सर्वांत खटकला तो पिंजरा. 'पाळीव पक्षी' म्हणून कबुतर-कोंबडीच्या रांगेत पिंजऱ्यातला राघू! १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडचे जंगली पोपट पकडणे, विकणे किंवा पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. विकायला येणारी पिल्ले बहुधा ढोलीतून काढलेली असतात. पोपट जानेवारी ते एप्रिलच्या सुमारास जुन्या झाडांच्या ढोलीत चार ते सहा अंडी घालतो. सुतार किंवा तांबट यांनी कोरलेले भोकही तो मोठे करून वापरतो. रस्ता रुंद करताना कडेचे वड, पिंपळ, कडुनिंब तोडले की ढोल्याही जातात; नव्या रोपाला ढोली धरायला कित्येक वर्षे लागतात. पिंजरा आणि कुऱ्हाड यांपैकी तक्त्याने एकाला मान दिला आहे, दुसरीचा उल्लेखच नाही.

तक्ता फाडून टाका असे आम्ही म्हणत नाही. मकावखाली त्याचे खरे नाव व देश लिहावा, पिंजऱ्यावर कागद चिकटवावा, आणि शेजारी मुलांनीच काढलेले आपल्या पोपटाचे चित्र लावावे. शाळेजवळच्या कोणत्या झाडाला ढोली आहे, तिच्यात कोण ये-जा करते, याची नोंद दुरून, झाडावर न चढता, जानेवारीपासून ठेवता येईल. ढोलीची जागा मात्र वर्गाबाहेर कोणाला सांगू नये.