‘तो’पासून ‘तू’पर्यंत : तीन मराठी साक्षींचे वाचन

मे महिन्यात चाकरमानी गावी येतात, तेव्हा आमच्या मंदिरात रविवारच्या मिस्साला एरवी न दिसणारे चेहरे दिसू लागतात. अशाच एका रविवारी मुंबईहून आलेला एक तरुण मिस्सा आटोपल्यावर माझ्याकडे आला. तिकडे तो एका प्रार्थनामंडळात जाऊ लागला होता. इकडच्या तिकडच्या चौकशा झाल्यावर त्याने विचारले, “फादर, तुमची आणि येशूची भेट कधी झाली?” मी सवयीने माझ्या स्नानसंस्काराची तारीख सांगितली. तो नम्रपणे म्हणाला, “ती तारीख तुमच्या आईवडिलांनी ठरवलेली, फादर. तुमची स्वतःची कोणती?”

त्याला त्या वेळी मी जे उत्तर दिले, ते धर्मशास्त्राच्या दृष्टीने बिनचूक होते. स्नानसंस्कारात देव स्वतः कार्य करतो, त्याची कृपा आपल्या भावनेवर अवलंबून नसते, वगैरे. उत्तर बरोबर होते. पण ते विचारलेल्या प्रश्नाचे नव्हते, हे मला त्याच रात्री जाणवले. सेमिनरीत आम्ही देवाविषयी पुष्कळ शिकलो. देवाविषयी बोलणे हा माझा व्यवसायच झाला. परंतु देवाशी बोलणे ही निराळी गोष्ट आहे, आणि इतक्या वर्षांच्या सेवेत ती माझ्याकडून कितीदा नुसते पठण होऊन बसली आहे, याचा हिशेब मला सुखावह वाटला नाही. तो शोधताना मी धर्मशास्त्राच्या ग्रंथांऐवजी आपल्याच भाषेतील तीन साक्षींकडे पुन्हा वळलो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भक्तिपर रचना, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आणि पंडिता रमाबाईंची ‘साक्ष’ या त्या तीन. तिघेही लेखक प्रॉटेस्टंट पंथाचे. पण विभक्त बंधूंच्या अंतःकरणात पवित्र आत्म्याने जे घडवले ते आपल्याही आध्यात्मिक उभारणीला उपकारक ठरते, असे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६४ सालच्या ख्रिस्ती ऐक्यावरील आदेशात सांगितले आहे. तेव्हा संकोचाचे कारण नाही.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा आरंभ फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’ने होतो. १६१६ साली छापलेल्या त्या ग्रंथाचे स्वरूप नावाप्रमाणेच पुराणाचे आहे. समुदायाने एकत्र बसावे, कोणी ओव्या वाचाव्यात आणि सर्वांनी ऐकाव्यात, अशी त्याची योजना. तेथे प्रभूची कथा आहे. म्हणजे बोलणे ‘तो’विषयी आहे. त्यात कमीपणा काहीच नाही. ज्याची कथा ठाऊक नाही, त्याच्याशी नाते तरी कसे जडणार? पण कथा ऐकणाऱ्याने केव्हातरी कथानायकाकडे वळून ‘तू’ म्हणावे लागते. हे वळणे मराठी ख्रिस्ती कवितेत ठळकपणे घडले ते टिळकांच्या हातून.

टिळक आपल्या जिल्ह्याचे. त्यांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. शाळेच्या पाठ्यपुस्तकांमुळे आपण त्यांना फुलांमुलांचे कवी म्हणून ओळखतो, आणि ती ओळख तेथेच थांबते. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांना ‘नवा करार’ दिला. डोंगरावरील प्रवचनापाशी येताच पुस्तक त्यांच्या हातून सुटेना. पुढे १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. हा वृत्तान्त अनेकदा सांगितला जातो, आणि ऐकणाऱ्याला वाटते की आगगाडीत बसताना जो हिंदू होता तो उतरताना ख्रिस्ती झाला. प्रत्यक्षात मधे जवळजवळ दोन वर्षे गेली. त्या दोन वर्षांत वाचन होते, वाद होते, पत्रव्यवहार होता, आणि घर मोडेल की काय ही धास्तीही होती. त्याहीआधी कित्येक वर्षे संतवाणीचा सहवास होता. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची स्वतःची भावना होती.

टिळकांच्या भक्तिरचनेवर दोन बाजूंनी आक्षेप घेतला जातो. एक बाजू म्हणते, विठ्ठलाच्या जागी ख्रिस्ताचे नाव घातले, एवढेच त्यांचे नवेपण. दुसरी म्हणते, या अभंगांत धर्मसिद्धान्ताचा काटेकोरपणा नाही. दोन्ही आक्षेप रचनेच्या बाह्यांगावर थांबतात. टिळक ख्रिस्ताला माउली म्हणतात, हे वारकरी परंपरेचे देणे आहे यात शंका नाही. पण वडील कठोर आणि तापट, आई प्रेमळ आणि तीही लहानपणीच गेलेली, हे त्यांच्या चरित्रातील सत्य लक्षात घेतले, म्हणजे त्या शब्दामागे नुसती परंपरा उरत नाही. जुन्या मराठी घरांत वडिलांना ‘तुम्ही’ म्हणत आणि आईला ‘तू’. आदर आणि जवळीक यांची वाटणी भाषेनेच करून ठेवलेली होती. आपल्या भक्तिपरंपरेने देवाला ‘तू’च्या बाजूला बसवले, आणि टिळकांना ख्रिस्त तेथेच भेटला. आपणही प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत पित्याला ‘तू’ म्हणतो. मात्र ते इतके अंगवळणी पडले आहे की आपण केवढी सलगी करीत आहोत याचे भान राहत नाही. टिळकांच्या सर्वच रचना सारख्या उंचीच्या नाहीत. सभेसाठी, सणासाठी लिहिलेल्या काही गीतांत उपदेशकाचा आवाज कवीवर मात करतो. पण जेथे ते एकटे आणि प्रभू एवढेच उरतात, तेथे शब्द साधे होतात, उपमा गळतात आणि ‘तू’ खरा होतो. चांगल्या भक्तिकवितेची ही खूण म्हणावी लागेल.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढची. बाप्तिस्म्यानंतर बावीस वर्षांनी, १९१७ साली, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, टिळकांनी मिशनच्या नोकरीचा त्याग केला, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि ‘देवाचा दरबार’ उभारू पाहिला. १९१९ साली त्यांचे निधन झाले. दरबाराला फार काळ मिळाला नाही. पण ज्याचे परिवर्तन सर्व महाराष्ट्राला ठाऊक होते, त्या माणसालाही पुन्हा नव्याने आरंभ करावासा वाटला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात भागाभागांनी प्रसिद्ध झाली, आणि मराठी आत्मचरित्रांत तिचे स्थान अढळ झाले. विनोद, प्रांजळपणा, बोलीचा जिवंतपणा यांसाठी तिची वाखाणणी होते, आणि ती योग्यच आहे. पण श्रद्धेचा ग्रंथ म्हणून ती क्वचितच वाचली जाते. याचे कारण लक्ष्मीबाई कोठेच आवाज चढवत नाहीत. नवऱ्याच्या बाप्तिस्म्याने त्यांच्या आयुष्याचे दोन तुकडे झाले. लहान दत्तूला घेऊन त्यांनी पतीपासून दूर काढलेली वर्षे, मग जवळ येऊनही वेगळे ठेवलेले अन्नपाणी, आणि अखेर १९०० साली त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा, या साऱ्यावर दुसऱ्या एखाद्या लेखकाने मोठे नाट्य रचले असते. त्या मात्र ते स्वयंपाकघरातील हकिगतीसारखे सांगतात.

त्यांच्या कथेतील निर्णायक क्षण माझ्या मते बाप्तिस्म्याचा नाहीच. तो त्याआधीचा आहे. पुस्तकाच्या आरंभी त्यांनी आपल्या माहेरच्या सोवळ्याचे चित्र काढले आहे. वडिलांना विटाळाचे इतके वेड की बाजारातून आलेले जिन्नसही धुऊन घ्यायचे. त्या घरात वाढलेल्या बाईच्या मनात एके दिवशी विचार येतो, की हे उच्चनीच देवाने केले की माणसाने? माणसाने केले, असा कौल मनाने दिला, आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याची त्यांची तयारी झाली. मतपरिवर्तनाचा हा प्रसंग हसतहसत वाचून पुढे जाण्याजोगा नाही. देवाकडे जाणारी त्यांची वाट शेजाऱ्याच्या हातच्या पाण्यावरून गेली. दिसणाऱ्या भावावर जो प्रीती करीत नाही, त्याला न दिसणाऱ्या देवावर प्रीती करता येणार नाही, हा संत योहानाच्या पत्रातील विचार येथे कोणी उपदेश न करता सिद्ध होतो. आणि तो आपल्याला अडचणीत टाकतो. आपल्या ख्रिस्ती घरांत आजही सोयरीक ठरवताना हलक्या आवाजात जात विचारली जाते. पिढ्यान्‌पिढ्या स्नानसंस्कार झालेल्या घरांनी जो उंबरठा ओलांडला नाही, तो लक्ष्मीबाईंनी स्नानसंस्काराच्या आधीच ओलांडला होता.

तिसरी साक्ष रमाबाईंची. १९०७ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक आकाराने लहान आहे. त्यात ‘स्मृतिचित्रां’चा रसाळपणा नाही आणि टिळकांचे काव्यही नाही. वाक्ये सरळ, काही ठिकाणी रूक्ष. पण आमच्यासारख्यांना सर्वांत अधिक टोचणारे हेच. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ च्या सप्टेंबरात इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. त्यांनी ग्रंथ अभ्यासले, मते तपासली, मुंबईत शारदा सदन काढले. आणि इतके सर्व झाल्यावर, आठएक वर्षांनी, त्यांच्या लक्षात आले की आपण धर्म स्वीकारला, पण त्या धर्माचे जीवन जो ख्रिस्त, तो अजून आपला झालेला नाही. ही कबुली देणारी बाई त्या वेळी जगप्रसिद्ध होती, हे विसरता कामा नये.

त्यांना या जाणिवेपर्यंत पोहोचवणाऱ्या पुस्तकांत विल्यम हॅस्लम नावाच्या एका अँग्लिकन धर्मगुरूचे आत्मवृत्त होते. हा गृहस्थ १८५१ साली आपल्याच मंदिरात प्रवचन करीत असताना, स्वतःच्याच शब्दांनी हेलावून गेला, आणि लोकांना जे सांगत होता ते स्वतःसाठी प्रथमच खरे मानू लागला. कोणत्याही धर्मगुरूने हे वाचून अस्वस्थ व्हावे. मी झालो.

रमाबाईंशी एका बाबतीत मात्र आपला मतभेद राहील. त्यांच्या सांगण्यावरून असे वाटू शकते की आधीची आठ वर्षे रिकामीच गेली. कॅथलिक श्रद्धा असे मानत नाही. संस्कारात मिळालेली कृपा ही पेरलेल्या बियाण्यासारखी आहे. रोहिणीत केलेली धूळपेरणी पाऊस येईपर्यंत मातीखाली निमूट पडून असते. म्हणून पेरणीच झाली नव्हती असे कोणी शेतकरी म्हणणार नाही. पण उगवलेच नाही तर नुसत्या पेरणीचा दाखलाही कोणी मागणार नाही. या दोन्ही गोष्टी एकदम धरून ठेवणे, हीच कॅथलिक शिकवण. आणि हा अनुभव आपल्या परंपरेला परका नाही. आविलाची संत तेरेजा १५३५ साली मठात गेली, आणि १५५४ साली, म्हणजे सुमारे एकोणीस वर्षांनी, जखमी ख्रिस्ताच्या एका मूर्तीसमोर तिचे अंतःकरण खऱ्या अर्थाने वळले. प्रार्थना म्हणजे आपल्यावर प्रेम करणाऱ्या मित्राशी एकांतात केलेले बोलणे, असे ती पुढे शिकवू लागली. मठात राहूनही ‘तो’चा ‘तू’ व्हायला एकोणीस वर्षे लागू शकतात.

तिन्ही साक्षी एकत्र ठेवल्या, म्हणजे त्या तरुणाच्या प्रश्नाचे स्वरूपच बदलते. टिळकांची वाट कवितेची, लक्ष्मीबाईंची अन्नपाण्याची, रमाबाईंची अभ्यासाची. एकीला निश्चित क्षण आहे, दुसरीला तो जवळजवळ नाही. प्रत्येकीत आरंभ एकदाच होत नाही. भेटीची तारीख सांगता येणे हे नात्याचे लक्षण नव्हे. आईची पहिली भेट कोणाला आठवते? पण आईशी आपण आज बोललो की नाही, हे प्रत्येकाला सांगता येते. ‘कधी भेटलात?’ हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. ‘आज बोललात का?’ हा पुरा.

एक खंत मात्र नोंदवली पाहिजे. ही तिन्ही पुस्तके प्रॉटेस्टंट लेखकांची आहेत हा योगायोग नाही. आपल्याकडे मराठीत प्रार्थनापुस्तके आहेत, गीते आहेत, संतचरित्रे आहेत. परंतु ‘मी’ म्हणून उभे राहून देवाशी झालेल्या आपल्या भांडणाची, दुराव्याची आणि परतण्याची हकिगत सांगणारे कॅथलिक गद्य फार थोडे आहे. आपण ते सारे पापनिवेदनाच्या जाळीआड ठेवतो. जाळीआडचे तेथेच राहावे हे योग्य. पण त्यामुळे आपल्या मुलांना घरातल्या माणसांची साक्ष कधी ऐकायलाच मिळत नाही. मग ती साक्ष ऐकण्यासाठी ती दुसरीकडे जातात, आणि आपण त्यांच्यावर रागावतो.

पास्काच्या जागरणात, हातात मेणबत्ती घेऊन, आपण स्नानसंस्काराच्या वचनांचे नूतनीकरण करतो. १९५१ पासून ख्रिस्तसभेने हा भाग त्या विधीत घातला आहे. वचने एकदा देऊन भागत नाही, हे ख्रिस्तसभेलाही ठाऊक आहे. मी प्रश्न वाचतो आणि सारे मंदिर एका आवाजात होकार देते. पुढच्या पास्काला तो होकार द्यायच्या आधी, घरोघरी यांतले एखादे पुस्तक वाचले गेले तर बरे. ‘स्मृतिचित्रे’ वडीलधाऱ्यांनी मुलांना मोठ्याने वाचून दाखवावी. ती ऐकायलाच लिहिल्यासारखी आहे.

तो तरुण या वर्षी पुन्हा आला, तर मला त्याला तारीख सांगता येणार नाही. पण त्याच्या प्रश्नानंतर माझी सकाळची प्रार्थना पुस्तक उघडण्याच्या आधी सुरू होऊ लागली आहे, एवढे सांगता येईल.